चौथी बाटली

१

गोट्याला उलट्या होतायत, बाकीच्यांचंही काही खरं नाही, असा निरोप आला तेव्हा मी एका गृहस्थांच्या नाकावर नवा चष्मा बसवत होतो. तो तसाच सोडला, दुकान उघडं टाकलं आणि धावत सुटलो. गोट्या माझा नव्हे. पण पाळणाघरात त्याच्या शेजारच्या पाळण्यात माझी चिंगी झोपते, आणि 'बाकीचे' म्हणजे कोण हे विचारण्याइतका दम माझ्यात उरला नव्हता.

पाळणाघर माझ्या दुकानापासून दोन गल्ल्या पलीकडे, एका तळमजल्यावर आहे. रांगणारी, पळणारी, एकमेकांना चावणारी मुलं तिथे पुष्कळ. पण बाटलीने पावडरचं दूध पिणारी तान्ही फक्त चौघं होती. गोट्या, एक जुळी जोडी आणि चिंगी. मी पोचलो तेव्हा गोट्याला घेऊन त्याची आई हॉस्पिटलात गेली होती. जुळी सतरंजीवर मान टाकून पडली होती आणि त्यांच्यात रडण्याचंही त्राण नव्हतं. रडणारं बाळ किती चांगलं असतं हे मला त्या दिवशी कळलं.

चिंगी पाळण्यात स्वतःची मूठ चोखत होती. मला पाहून हसली. मी तिला उचललं आणि कपाळ, पोट, तळवे, सगळं चाचपून पाहिलं. तिला काहीही झालेलं नव्हतं. मला इतकं बरं वाटलं की सतरंजीकडे पाहायची लाज वाटली.

पाळणाघर चालवणाऱ्या बाई म्हणजे नाकावर माशी बसू न देणारं प्रकरण. चपला बाहेर, हात धुऊन आत, मोठ्याने बोलायचं नाही. त्या बाई आज भिंतीला धरून उभ्या होत्या. चौघांनी एकच दूध प्यायलं, असं त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. डबा एक, पाणी एक, करणारे हातही एकच.

बोलता बोलता त्यांची नजर माझ्या कडेवर गेली.

"मग हिला कसं काही झालं नाही?" त्या म्हणाल्या.

प्रश्न साधाच होता. पण हॉस्पिटलाने कळवल्यामुळे आलेले फौजदार दारात उभे होते. त्यांनी तो ऐकला आणि चिंगीकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

२

मी अक्काला फोन केला. अक्का माझी थोरली बहीण. शहराच्या अन्न तपासणी खात्यात तिची हयात गेली. तिच्या घरी जेवायला जायची नातेवाइकांना धास्ती वाटते, कारण ती वाढते कमी आणि हुंगते जास्त. पण डोकं म्हणाल तर सुरीच. खात्याकडून तीच तपासाला येणार होती, माझ्या फोनमुळे फक्त जरा लवकर आली.

"रडून झालं असेल तर बाजूला हो," ती मला म्हणाली. "भ्यायचं काम नंतर. आधी दूध कुठे होतं ते दाखव."

दुधाची खोली म्हणजे एक ओटा, एक मोरी, एक शेगडी आणि एक छोटा फ्रिज. तिथे राज्य मावशींचं. मावशी चौघांच्या बाटल्या करायच्या. दूध कसं करता हे विचारल्यावर त्या पाढे म्हटल्यासारख्या बोलायला लागल्या. बाटली, बूच आणि झाकण ब्रशने घासायचं, मग उकळत्या पाण्यात बुडवायचं. प्यायचं पाणी वेगळं उकळायचं आणि ते चांगलं गरम असतानाच पावडर घालायची, कारण पावडर म्हणजे काही औषधासारखी निर्जंतुक नसते, गरम पाण्यानेच तिच्यातले जंतू मरतात. चमचा त्याच डब्यातला, सुरीच्या पाठीने सपाट केलेला. मग बाटली टबातल्या थंड पाण्यात बुडवून निववायची आणि फ्रिजच्या आतल्या कप्प्यात मागे ठेवायची. दारात नाही, कारण दार सारखं उघडतं. दुसऱ्या दिवशी गरम पाण्याच्या भांड्यात धरून कोमट करायची, पाजायची आणि उरलेलं दूध मोरीत ओतायचं.

सकाळी आयाबायांची झुंबड असते, म्हणून उद्याच्या बाटल्या मावशी आज संध्याकाळीच करून ठेवत. त्यात काही वावगं नव्हतं. फ्रिजमध्ये नीट ठेवलेलं दूध दिवसभर चालतं, असं अक्कानेच मान डोलावत सांगितलं.

अक्काने फ्रिजमध्ये हात घातला. फ्रिज चांगला गारेगार होता. तिने पावडरचा डबा हुंगला, पाणी हुंगलं, भांडी घासायचा साबणसुद्धा हुंगला. मोरीखाली एक प्लास्टिकचं टब पालथं पडलं होतं, तेही तिने उलटून पाहिलं. टब आतून कोरडं ठणठणीत होतं. ओट्याच्या कोपऱ्यात एका टोपलीत तीन लोकरी झबली होती, निळं, लाल आणि हिरवं. एवढीशी झबली बघून तिने भुवया उंचावल्या.

मावशींच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा उजेड आला. झबली बाळांची नव्हती, बाटल्यांची होती. पूर्वी कुठली बाटली कुणाची हे कळायला रंगीत रबरबँड लावत. ते सुटायचे आणि एकाची बाटली दुसऱ्याच्या तोंडात जायची. त्यातच मागच्या आठवड्यात एक काचेची बाटली हातातून निसटून फुटली. फाटकावरच्या काकांनी ते मनावर घेतलं आणि प्रत्येक बाटलीला तिच्या रंगाचं झबलं विणून काल आणून दिलं. चिंगीचं तेवढं सुयांवरच होतं.

"विण सुरेख आहे," अक्का म्हणाली आणि झबलं टोपलीत ठेवलं.

फौजदारांनी बाटल्या, डबा, पाणी आणि साबण जप्त केले. दूध प्रयोगशाळेत गेलं. मग फौजदार मावशींकडे वळले.

"पाळणाघरात दुधाला हात लावणाऱ्या तुम्ही एकट्याच?"

 मावशी खाली मान घालून म्हणाल्या, "आज सकाळी मागच्या दाराशी कोणीतरी उभं होतं."

३

मागच्या दाराशी जुनी आया उभी होती. तिला बाईंनी महिन्यापूर्वी कामावरून काढलं होतं. अर्धी प्यालेली बाटली फेकायची तिला हळहळ वाटायची, म्हणून ती झाकण लावून पुन्हा फ्रिजमध्ये ठेवायची आणि दुपारी तीच पाजायची. बाळाच्या तोंडातली लाळ दुधात उतरते आणि तिथून घाण वाढते, हे तिला तीनदा सांगून झालं होतं. जाताना ती सगळ्यांसमोर म्हणाली होती, "माझ्यावाचून कसं चालतंय ते बघतेच."

फौजदारांना एवढं पुरेसं होतं. तिला घरून आणलं. ती रडत, भांडत आली.  ज्या बाईने चिंगीला पहिल्यांदा कुशीवर वळायला शिकवलं ती हीच, आणि आता मी तिच्या बोटांकडे, नखांकडे, हातातल्या पिशवीकडे संशयाने बघत होतो. पिशवीत एक खुळखुळा निघाला. गोट्यासाठी आणला होता, दार उघडलं नाही म्हणून परत गेले, असं ती म्हणाली. अक्काने तिला एकच विचारलं. आत पाऊल टाकलंत का? आया म्हणाली की नाही, आणि बाईंनीही मागच्या दाराची कडी आतून लावलेलीच होती असं कबूल केलं.

तरी फौजदारांनी मावशींना चौकशीला नेलंच. जाताना मावशींनी माझ्याकडे पाहून हात जोडले. मी मान फिरवली. कोणावर विश्वास ठेवायचा हेच मला कळेनासं झालं होतं. विष घालणारा माणूस दिसतो कसा? मी दिवसभर माणसांच्या डोळ्यांत बघतो, तोच माझा धंदा, आणि इथे मला एकाही डोळ्यात काही दिसत नव्हतं.

फाटकावर काका बसले होते. गोट्या त्यांच्या लेकीचा मुलगा. गुडघे गेल्यापासून काका खुर्चीतच असतात, आल्यागेल्याला हटकतात आणि विणत बसतात. एका जुन्या आजारपणात पडल्या पडल्या शिकले, मग हाताला चाळाच लागला. पुरुषमाणूस विणतो म्हणून पालक सुरुवातीला हसायचे, पुढे आपापल्या मुलांसाठी मोजे मागायला लागले. दुधाच्या खोलीत काकांनी कधी पाऊलही टाकलं नव्हतं. त्यांना तिथल्या दोन पायऱ्या चढवतच नसत. अक्काने त्यांना विचारलं ते फक्त कोण आलं, कोण गेलं एवढंच.

मी चिंगीला घेऊन निघालो तेव्हा त्यांनी मला थांबवलं. पिवळं झबलं तयार झालं होतं. जाड दुहेरी विणीचं, आतून मऊ कापडाचं अस्तर आणि वर बाटलीच्या बुचापर्यंत येणारी टोपी. सकाळपासून हात थांबले तर डोकं फिरेल म्हणून विणतच राहिलो, असं ते म्हणाले. बाकीची तीन झबली त्यांनी घरी धुवायला मागून घेतली होती, फौजदारांना त्यांचं काही काम नव्हतं.

"उशीर झाला, रागावू नका," काका म्हणाले. "चिंगीचं शेवटी राहिलं."

 नातू हॉस्पिटलात पडलेला आणि हा माणूस माझ्या मुलीच्या बाटलीचा विचार करत होता.

"काका, ज्याने हे केलं ना, त्याचे हात एकदा माझ्या हातात सापडू देत," मी म्हणालो.

"मलाही सापडू देत," काका म्हणाले, आणि त्यांनी डोळे पुसले.

४

त्या संध्याकाळी आमच्या घरात कोणी जेवलं नाही. बायकोने पावडरचा नवा डबा फोडला, कारण जुन्या डब्यावरचा विश्वास उडाला होता. बाटली तिने दोनदा उकळली. पहाटेची बाटली करून ठेवताना ती मला सारखी विचारत होती की दार लावलंस ना, खिडकी लावलीस ना. मीही प्रत्येक वेळी उठून कडी पाहून येत होतो. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून कोण येणार होतं कोण जाणे.

पहाटे चिंगी ते दूध पोटभर प्यायली. उजाडल्यावर, मी दाढी करत असताना, बायकोने मला हाक मारली. तिने माझं नाव घेतलं, जे ती सहसा घेत नाही.

चिंगी तिच्या मांडीवर उलटी करत होती. पहिली, मग लगेच दुसरी. तिसऱ्या उलटीनंतर तिने माझ्याकडे पाहिलं आणि ती रडली नाही.

त्यानंतरचं मला नीट आठवत नाही. हॉस्पिटलात डॉक्टरांनी तिच्या इवल्याशा हातात सुई घातली एवढं आठवतं. तो हात माझ्या अंगठ्याएवढा होता. पुढचे काही तास महत्त्वाचे आहेत, असं डॉक्टर म्हणाले. बायको तिच्याजवळ बसली. त्याच वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर गोट्या होता. त्याची सलाईन काढली होती आणि दुपारी थोडं दूध देऊन बघा असं सांगितलं होतं. मी त्याच्या आईकडे पाहून हसायचा प्रयत्न केला, पण ते काही जमलं नाही.

दारात फौजदार होते. मी घरी चलावं, स्वयंपाकघर बघायचं आहे, असं त्यांनी सांगितलं. सांगितलं म्हणजे माझा दंडच धरला.

"पाळणाघर बंद आहे," जिना चढताना ते म्हणाले. "मावशी रात्रभर आमच्याकडे होत्या. आयाच्या दारात माझा शिपाई होता. तरी चौथं बाळ आजारी पडलं. मुलीला सोडताना तिथेही आणि इथेही त्या दुधाजवळ असणारा माणूस मला एकच दिसतो. काल तीन बाळं पडली आणि एकच वाचलं, तेही तुमचं. आज तेही पडलं, म्हणजे संशय फिटावा म्हणून."

 हॉस्पिटलात माझी मुलगी जगते की जाते ठाऊक नव्हतं, आणि तिला मीच विष दिलं असं हा माणूस शांतपणे सांगत होता.

वर आमचं दार उघडं होतं. अक्का स्वयंपाकघरात होती आणि तिने शेगडीवर पाणी ठेवलं होतं.

५

"फौजदारसाहेब, बसा," अक्का म्हणाली. "चहा नाही. हे पाणी दुसऱ्या कामाचं आहे."

प्रयोगशाळेतून तिला फोन आला होता. चिंगीची सोडून बाकी तीन बाटल्यांच्या तळाशी दूध उरलं होतं, तिन्हींत जंतू बुजबुजले होते. बाहेरचं कुठलंही विष सापडलं नव्हतं. हे जंतू कोणी आणून घालायला लागत नाहीत. मातीत, धान्यात, धुळीत, पावडरमध्येही त्यांची बीजं असतात, आणि उकळत्या पाण्यालासुद्धा ती दाद देत नाहीत. दूध लगेच गार झालं तर ती बीजं तशीच पडून राहतात, बाळाला काही होत नाही. दूध बराच वेळ कोमट राहिलं की ती जागी होतात, वाढतात आणि आपलं विष दुधात सोडतात. नंतर ते दूध कितीही तापवा, विष तसंच राहतं.

"पण दूध फ्रिजमध्ये होतं," मी म्हणालो. "तिथेही होतं, इथेही होतं. पहाटे बाटली बर्फासारखी गार होती, मी स्वतः हात लावला."

"पहाटे," अक्का म्हणाली. "रात्री कोणी हात लावला?"



तिने दोन सारख्या बाटल्या घेतल्या. दोन्हींत गरम पाणी भरलं. एक बाटली तिने नळाच्या धारेखाली धरली, काच गार लागेपर्यंत, आणि फ्रिजमध्ये ठेवली. दुसरी तिने कपाटातल्या पिवळ्या झबल्यात घातली, टोपी बुचापर्यंत ओढली आणि पहिलीच्या शेजारी ठेवली. मग स्टूल ओढून बसली आणि चष्मा पुसायला लागली.

मला तो वेळ कसा गेला हे सांगता येणार नाही. मुलगी तिकडे आणि मी इकडे पाण्याच्या बाटल्यांची राखण करत होतो. मध्येच उठून मी अक्काला खूप बोललो. तिने ऐकून घेतलं. फौजदारही एकदा उठले, पण अक्काने फक्त त्यांच्याकडे पाहिलं आणि ते बसले.

दुपार झाली तेव्हा तिने फ्रिज उघडला आणि दोन्ही बाटल्या फौजदारांच्या हातांत दिल्या. झबलं काढलं नव्हतं.

"कशा लागतायत?"

"एक गार आहे," फौजदार म्हणाले. "दुसरी... लोकर गार लागते आहे."

"आता काढा लोकर."

त्यांनी झबलं सोललं आणि बाटली चटकन दुसऱ्या हातात घेतली. मग ती माझ्याकडे दिली. ती कोमट होती. अंगाला अंग लागावं तशी ऊबदार होती, इतका वेळ फ्रिजमध्ये राहूनसुद्धा.

अक्का सांगू लागली तेव्हा तिचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता. ती म्हणाली, काल तिने मावशींना दूध कसं करता हे विचारलं आणि मावशींनी जसं शिकवलं तसं सांगितलं. परवा संध्याकाळी काय केलंत, हे विचारायचं राहिलं. ते तिने आज सकाळी चौकीत जाऊन विचारलं. लोकर भिजते म्हणून त्या दिवशी टब काढलंच नव्हतं. आणि झबल्यात घातलेली बाटली हाताला गरम लागत नव्हती, म्हणून मावशींना वाटलं की निवली. फक्त चिंगीची बाटली उघडीबोडकी होती. एका बाटलीसाठी टब कशाला भरायचं, म्हणून मावशींनी ती नळाखाली धरली.

"म्हणून चिंगी वाचली. आणि काल इथे..."

"काल इथे चिंगीची बाटली झबल्यात होती," मी म्हणालो.

बायको रोज बाटली नळाखाली धरते. काल तिचं मन ठिकाणावर नव्हतं. काकांनी एवढ्या प्रेमाने दिलेलं झबलं, हाताला चटका नाही, बाटली सरळ फ्रिजमध्ये. मी तिथेच उभा होतो. खिडकीच्या कडीवर माझं लक्ष होतं.

फौजदारांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.  मग म्हणाले की यात गुन्हा कोणता लावायचा.

तेवढ्यात फोन वाजला. बायको होती. चिंगीने डोळे उघडलेत, उलटी थांबली आहे, लघवी झाली आहे, असं ती एका दमात म्हणाली. मी भिंतीला टेकलो. मला आयुष्यात कुठलीही बातमी इतकी गोड लागली नव्हती.

"काकापण आलेत," ती पुढे म्हणाली. "बिचाऱ्यांना दोघांनी धरून जिने चढवले. गोट्याच्या आईने सकाळीच दूध करून वॉर्डातल्या फ्रिजमध्ये ठेवलं होतं, ते आता काढलंय. निळं झबलं घातलेलं. काका म्हणतायत, इतर बाळांसाठीही..."

अक्काने माझ्या हातातून फोन घेतला. "ती बाटली कुणाच्या तोंडाला लावायची नाही," ती म्हणाली. "जा, तिच्या हातातून काढून घे. आत्ता जा."

फोन बंद झाला. बायको पोचली की नाही, हे आम्हाला कळलं नाही.

६

फौजदारांच्या गाडीतून आम्ही गेलो. वॉर्डाचा जिना मी कसा चढलो ठाऊक नाही. दाराशी पोचलो तेव्हा गोट्याच्या खाटेजवळ दोघी बायका उभ्या होत्या. बाटली माझ्या बायकोच्या हातात होती, दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. गोट्याची आई तिच्याकडे वेड्यासारखी बघत होती. गोट्या भुकेने टाहो फोडत होता, आणि तो टाहो मला फार आवडला.

अक्काने बाटली घेतली, झबलं काढलं, काचेला गाल लावला आणि दूध मोरीत ओतून दिलं. मग गोट्याच्या आईला पाणी उकळायला सांगितलं. नवं दूध दोघींनी मिळून केलं. ते नळाखाली धरून निववलं आणि लगेच पाजलं. तोवर कोणी कोणाला काही सांगितलं नाही.

काका व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते. शेजारी पिशवी होती आणि पिशवीत रंगीबेरंगी झबली. त्यांनी अक्काला दुधाची बाटली ओतताना पाहिलं होतं, निळं झबलं खाटेवर टाकलेलंही पाहिलं होतं.

अक्का निळं झबलं घेऊन त्यांच्याजवळ बसली. मी मध्ये पडलो. म्हटलं, अक्का, नको, म्हातारा माणूस आहे, मावशी सुटल्या, बाळं वाचली, आता कशाला? ती माझ्यावर चिडली नाही.

"नाही सांगितलं तर ते पुन्हा विणतील," ती म्हणाली. "दुसऱ्या कोणाच्या तरी बाळासाठी."

तिने त्यांना सगळं सांगितलं. काही वाढवून नाही, काही लपवून नाही. झबली काळजीनेच विणली, पण ऊब धरून ठेवणं हा लोकरीचा गुण, आणि दुधाला नेमकी तीच नको होती. जंतू कोणी घातले नाहीत. त्यांना वाढायला उबेची जागा मिळाली.

काकांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग माझ्याकडे पाहिलं. काल फाटकावर मी काय बोललो होतो हे आम्हा दोघांनाही आठवलं. ज्याने हे केलं त्याचे हात मला हवे होते. ते हात आता मांडीवर पालथे पडले होते, सुयांनी घट्टे पडलेली बोटं हलत नव्हती. माझ्या मुलीच्या हातातली सुई मी सकाळपासून विसरलो नव्हतो. मला त्या म्हाताऱ्याचा राग आला, खरोखर आला, आणि तो राग धरून कुठे ठेवावा हे मला कळेना.

"डोक्याला चालेल?" काकांनी अक्काला विचारलं. "ही लोकर. टोपी केली तर?"

"डोक्याला चालेल," अक्का म्हणाली. "पायालाही चालेल."

त्यांनी निळं झबलं उचललं, आतलं अस्तर ओढून काढलं, शेवटची गाठ दातांनी तोडली आणि धागा ओढला. विण भराभर उसवत गेली. लोकर त्यांच्या मांडीवर, बाकावर, फरशीवर पसरली, आणि गुंता होईल म्हणून ते इकडेतिकडे बघायला लागले. गोट्याची आई आत होती. अक्का हात धुवायला गेली होती.

मी त्यांच्यासमोर खाली बसलो आणि दोन्ही हात पुढे केले. काकांनी माझ्या तळहातांभोवती लोकर गुंडाळायला सुरुवात केली.  निळं संपल्यावर मी खिशातून पिवळं काढून दिलं.